गाडी लहान, घंटा जड

आमच्या एका पुतण्याचें गेल्या महिन्यांत अमेरिकेहून पत्र आलें. सोबत एक छायाचित्रहि होतें. त्यानें व त्याच्या मित्रांनीं मिळून तेथील रेल्वेची एक जुनी मोटार-ट्रॉली घेतली आहे आणि तिच्या अगदीं पुढच्या टोंकास वाफेच्या इंजिनावरची एक भली मोठी घंटा बसविली आहे. छायाचित्र घरांत हातोहात फिरलें. मुलांस घंटा आवडली, वडील मंडळींस गाडी. आमच्या आत्याबाईंनीं मात्र चष्मा लावून तें बराच वेळ न्याहाळलें व एवढेंच विचारलें, "अरे, ही सुटली तर पडेल कोठें?"

प्रश्न बिनतोड होता. ती पडेल रुळांवर, गाडीच्याच चाकांपुढें. आणि असा अडथळा चाकाखालीं आला तर हलकी गाडी रूळ सोडावयास वेळ लागत नाहीं. पत्राच्या शेवटीं चिरंजीवांनीं सहज लिहिलें होतें कीं, दुसऱ्या फेरीनंतर बैठकीच्या चार नटांपैकीं एक नुसत्या बोटांनीं फिरला. तें वाचून आम्ही त्याच रात्रीं उत्तर लिहावयास बसलों.

अमेरिकेंत वाफेच्या इंजिनावर घंटा असणें ही नित्याची गोष्ट होती. 1950च्या आगेंमागें डीझेल इंजिनें आलीं, तेव्हां तशा कित्येक घंटा प्रार्थनामंदिरांत व शाळांत गेल्या. पुढें रूळ-तपासणीच्या ट्रॉल्यांची जागाहि रस्ता व रूळ या दोहोंवर चालणाऱ्या मोटारींनीं घेतली, आणि टाकलेल्या ट्रॉल्या हौशी लोकांनीं उचलल्या. शंभर टनांच्या इंजिनाची घंटा चिमुकल्या गाडीवर येते ती अशी. पुतण्याची घंटा बैठकीसह शंभर किलोंच्या घरांत आहे व गाडी पांचशेंच्या. इंजिनास जो भार जाणवतहि नव्हता, तो येथें गाडीचा पंचमांश झाला!

बरें, भार स्थिर असता तर गोष्ट निराळी. घरांतला झोपाळा आठवावा. मनुष्य निश्चल बसला असतां कड्यांवर त्याचें वजन पडतें तेवढेंच. परंतु झोका 60 अंशांवरून खालीं आला, कीं तळाशीं तीच ओढ जवळजवळ दुप्पट होते. घंटेचेंहि तसेंच. तिच्या घडणीप्रमाणें हा आंकडा कांहींसा कमी भरेल. परंतु प्रत्येक झोक्याबरोबर बैठक एकदां पुढें व एकदां मागें रेटली जाते, हें विसरतां येत नाहीं. हा झोका आडवा असेल तर धोका अधिक; कारण चाकास रुळावर धरणारी कड जेमतेम इंचभर असते आणि एका बाजूचा भार हलका झाला कीं तिची पकड सुटूं लागते.

दुसरा शत्रु हादरा. रुळांच्या प्रत्येक सांध्यावर लहान चाकांस ठोका बसतो, आणि असे हजारों ठोके नटास केसाकेसानें सैल करितात. बैठक नुसत्या फळीवर असेल तर लांकूड वाळून आकसतें, आणि नट न फिरतांहि ढिला पडतो.

म्हणून आम्हीं कळविलें तें असें. घंटा पुढच्या आंसाच्या मागें, दोन्ही आंसांच्या मध्यें व होईल तितकी खालीं आणावी. फळीवर भिस्त न ठेवितां बैठकीचे बोल्ट गाडीच्या लोखंडी सांगाड्यांतून आरपार घ्यावे व खालच्या बाजूस जाड पत्रा द्यावा. नट खांचांचे घेऊन त्यांतून स्प्लिट पिन घालावी, म्हणजे ते फिरूंच शकणार नाहींत. घंटेस स्वतःस छिद्र पाडूं नये कीं तापवून जोड देऊं नये; चार भाग तांबें व एक भाग कथील अशी ही धातु आवाजास उत्तम, पण ठिसूळ असते. आणखी एक सांखळी जोखडापासून सांगाड्यास अशी बांधावी कीं, सर्व कांहीं तुटलें तरी घंटा रुळांवर जाऊं नये.

आणि सर्वांत सोपा उपाय आपल्या देवळांतला आहे. तेथें घंटा हलत नाहीं, फक्त लोलक हलतो. डीझेल इंजिनांवरहि बहुधा घंटा जागची जागीं ठेवून आंतला लोलकच दाबलेल्या हवेनें हलवितात. मग ट्रॉलीवर जोखड पक्कें जखडून लोलकास दोरी बांधिली, तर नाद तोच राहतो आणि ओढाताण पुष्कळच टळते.

परवां उत्तर आलें. घंटा मागें घेतली आहे, जोखड जखडलें आहे, सांखळीहि आली आहे. आणि प्रत्येक फेरीपूर्वीं नटांवर पाना लावून पाहण्याचा नेम ठरला आहे. पत्र आत्याबाईंस वाचून दाखविलें. त्या म्हणाल्या, "चांगलें झालें. आतां आपल्या झोपाळ्याच्या कड्या कोणी पाहिल्या आहेत का?"

कोणीच पाहिल्या नव्हत्या. आम्ही शिडी आणावयास उठलों.