कसारा लोकल, दोन सायकली आणि मामाची बाग

फेब्रुवारीतला शनिवार, पहाटेची कसारा लोकल. लगेजच्या डब्यात रिकाम्या टोपल्या, दोन दूधवाले आणि आमच्या दोन सायकली. समोरच्या काकांनी आधी सायकलींकडे पाहिलं, मग हेल्मेटकडे, मग माझ्याकडे आणि अगदी आपुलकीनं विचारलं, ‘‘गाडी घ्यायला पैसे नाहीत का?’’ काका, फ्रीलान्सरला हा प्रश्न विचारू नये हो! दोन चेक तीन महिन्यांपासून ‘प्रोसेसमध्ये’ आहेत.

नाशिकच्या वायनरीज तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिल्या असणार. एसी गाडी, हायवे, टेस्टिंग, फोटो, हायवे, घर. मीही दोनदा तशीच गेलेय. पण द्राक्षाचा हा मुलूख डोंगराचा आणि नद्यांचा आहे, हे कळलं ते या वेळी. गाडीच्या काचेतून चढ दिसत नाही, बॉस. तो मांड्यांना कळतो.

सोबत होता मामेभाऊ. वय २६, हिंजवडीत आयटी. नाव छापायचं नाही ही त्याची अट, कारण त्याच्या टीम लीडपर्यंत हे पोचायला नको. आदल्या रात्री पुण्याहून बसच्या डिकीत सायकल टाकून तो ठाण्याला माझ्याकडे आला. ‘ताई, आपण दिंडोरीला घरी सायकलनं जाऊ’ ही त्याचीच आयडिया. मला वाटलं, पोराला पोट दिसायला लागलंय म्हणून.

कसारा घाटात हीरोगिरी करू नका, एवढा एकच टेक्निकल सल्ला देते. पुढचं सगळ्यात छोटं चाक, मागचं सगळ्यात मोठं, आणि पाय भराभर फिरवत राहायचे. जोर लावून, उभं राहून चढायला गेलात तर इगतपुरीला गुडघे उतरवून ठेवावे लागतील. ट्रक मागून हॉर्न देत जातात, तेव्हा डावी पांढरी पट्टी हीच आपली इस्टेट समजायची. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५मध्ये सुरू झाला. घाई असलेल्यांना हा घाट आता टाळता येतो. सायकलला तिथे प्रवेशच नाही, त्यामुळे आमच्या वाट्याला घाट. तक्रार नाही. वरच्या वळणावर खालची दरी सोनेरी झाली होती आणि माझ्या डोळ्यांत घाम गेला होता. दोन्ही एकाच वेळी.

इगतपुरीला चहा आणि गरम वडापाव. तिथे भाऊ बोलला.

‘‘ताई, मी रिझाइन करतोय. शेती करायचीय. पप्पांशी बोलायचंय. तू असलीस तर ते ओरडणार नाहीत.’’

म्हणजे ही टूर नव्हतीच. मी मध्यस्थ होते, तेही ७५ किलोमीटर रोजच्या बोलीवर! त्यातून चार वर्षांपूर्वी धडधाकट नोकरी सोडून मी फ्रीलान्सिंगला लागले, तेव्हा घरात जो गोंधळ झाला होता त्यात माझ्या विरोधात सगळ्यात मोठ्यानं बोलणारा माणूस म्हणजे हाच मामा.

घोटीला हायवे सोडला आणि वैतरणाच्या रस्त्याला लागलो. इथून पुढे त्र्यंबकपर्यंतचा रस्ता हा या ट्रिपचा खरा पैसावसूल भाग. भाताची कापलेली खाचरं, साग, मध्येच धरणाचं निळं पाणी. मुंबईकरांनो, तुमच्या नळाला येणाऱ्या पाण्यातलं काही याच अप्पर वैतरणाचं. गंमत अशी, की वैतरणा त्र्यंबकच्या डोंगरांत उगम पावते आणि पश्चिमेला अरबी समुद्राला मिळते. गोदावरी तिथल्याच ब्रह्मगिरीवर जन्मते, आणि पूर्वेला सुमारे १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला. शाळेत हे पाठ केलं होतं, कळलं नव्हतं. पहिन्याच्या बाजूनं एक चढ संपतो, पाय आपोआप थांबतात, सायकल स्वतःहून पळायला लागते... तेव्हा कळतं, नद्यांनी वाटण्या कुठे केल्या ते.

अर्थात तिथेच बाभळीचा काटा लागून माझं मागचं चाक बसलं. भावानं वीस मिनिटं ट्यूबशी झटापट केली. ‘‘कोड असा फिक्स करता येत नाही,’’ तो खुशीत म्हणाला. मला त्याची काळजी वाटली.

त्र्यंबकला लॉजवाल्यानं सायकली जिन्याखाली लावू दिल्या. रात्री पाय भिंतीला लावून आम्ही मामासमोर कसं बोलायचं याची प्रॅक्टिस केली. मी मामा झाले. भाऊ दोन्ही वेळा हरला.

दुसऱ्या दिवशी अंजनेरीवरून उतारानं खाली आणि मग डावीकडे आत, गंगापूर धरणाच्या बाजूला. हाच तो वायनरीजचा पट्टा. थंड हवा, धरणाचं पाणी, मागे डोंगर. ‘सुला’ची सुरुवात इथलीच, पहिली वाइन २०००ची. २००१मध्ये राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, सवलती दिल्या, विंचूरला वाइन पार्क झालं. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटरवर, हिवाळ्यात दिवस तापलेला आणि रात्र गार. द्राक्षाला हे मानवतं. फक्त इथे वेल युरोपसारखा बर्फात झोपत नाही, म्हणून त्याला वर्षातून दोनदा छाटावं लागतं, उन्हाळ्यात खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता दुसरी. तिकडे तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, आपल्याकडे जानेवारी ते मार्च. म्हणजे सायकलला जे हवामान बेस्ट, तोच द्राक्षाचा सीझन.

सायकलवरून बागा नीट वाचता येतात, हा मला लागलेला शोध. डोक्याच्या वर मांडव किंवा वायच्या आकाराचे अँगल असले की ती बहुतेक खायची द्राक्षं, थॉमसन वगैरे. कमरेएवढ्या सरळ रांगा, छोटे गच्च घड, जाड सालीचे बिया असलेले मणी, म्हणजे वाइनची. भावानं एक मणी तोंडात टाकायला दिला. गोड, मग तुरट, मग नुसत्या बिया. ‘‘हे बाजारात कोण खाईल?’’ तो म्हणाला. या वाक्याचा अर्थ मला संध्याकाळी कळला.

वायनरीत जेवलो. टेस्टिंग केलं नाही, कारण पुढे अर्धा दिवस चालवायचं होतं आणि सायकललाही पिऊन चालवलेलं आवडत नाही. एक शेनिन ब्लाँ घेतली आणि टॉवेलमध्ये गुंडाळून पॅनिअरमध्ये टाकली. शेजारच्या टेबलावर आठ जणांचा ग्रुप ऑफिसच्या अप्रेझलबद्दल तावातावानं बोलत होता. समोर एवढी हिरवी दरी, आणि विषय रेटिंग! बिचारे. (मी वर्षापूर्वी याच टेबलावर मानधनाच्या चेकबद्दल बोलत होते, हे सोडून द्या.)

दुगाव, गिरणारे आणि मग आडरस्त्यांनी रामशेजच्या पायथ्याची आशेवाडी. संभाजी महाराजांच्या काळात मुघलांना कित्येक वर्षं दाद न देणारा तो किल्ला जवळून अगदीच बुटका दिसतो. रस्त्यात लायक्रावाले सायकलस्वार हात करून जात होते. नाशिककरांना सायकलचं वेड नवं नाही. २०१५मध्ये इथल्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ दोघांच्या टीमनं पूर्ण केली होती. आम्हाला मात्र दिंडोरीच्या अलीकडचा शेवटचा चढ पूर्ण करताना उसाचा रस लागला.

मामानं आधी सायकली पाहिल्या. ‘‘काय गं, पेट्रोल परवडेना का तुला?’’ पहाटेचे काका आणि हा, एकाच शाळेतले.

रात्री गच्चीवर बाटली काढली. मामीनं नाक मुरडलं, पण फुलपात्रं आणून दिली. मामानं वास घेतला. ‘‘शेनिन ना?’’ मी चाट. मामा माळकरी नाही, पण वाइन पिणाराही नाही. मग त्यानं सांगितलं. २००६मध्ये एका वायनरीशी करार करून दोन एकर शेनिन लावली होती. सुरुवातीला बरं गेलं. मग मंदी आली, मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं रिकामी पडली, वाइनचा उठाव थांबला. २००९च्या सीझनला निरोप आला, टाक्या भरल्यात, माल घेता येणार नाही. साखर चोवीस ब्रिक्सला पोचलेली. खायला तो माल चालत नाही, बेदाण्याला चालत नाही. शेवटी ओळखीच्यांच्या शेळ्यांना घातला. पुढच्या वर्षी बाग जेसीबीनं काढली.

‘‘ह्याच्या दाराला लागून चार वर्षं काढली, चव आज बघतोय,’’ मामा म्हणाला. दुसरा घोट घेतला. ‘‘बरी आहे.’’

भाऊ आत्ताच बोलणार, हे मला कळलं. मी त्याला पायानं ढोसलं, नको. तो बोललाच.

मामा ओरडला नाही. ते जास्त वाईट होतं. ‘‘दर महिन्याच्या एक तारखेला पैसे येतात ना तुला? मला नाही येत. नोव्हेंबर २०२३ला गारपीट झाली, तेव्हा निफाडकडचे आपले पाहुणे सकाळी बागेत जाऊन नुसते बसून होते. आणि लग्नाचं काय? शेती करतो म्हटलं की मुलीकडचे चहाचा कप खाली ठेवतात.’’ मग माझ्याकडे वळून, ‘‘तूच शिकवलंस का?’’

मी म्हटलं, ‘‘नाही मामा. मी तर पंक्चरला होते.’’ पण मग राहवलं नाही. सांगितलं, की नोकरी सोडल्याचा मला रोज थोडा पस्तावा होतो आणि परत जायची इच्छा एक दिवसही होत नाही. दोन्ही खरं आहे. मामा काही बोलला नाही. फुलपात्र उपडं केलं आणि झोपायला गेला.

सकाळी साडेसहाला उठले तर भावाची सायकल जागेवर नाही. मामा बागेकडून येत होता, सायकलवर, खिशात रिफ्रॅक्टोमीटर. ‘‘सीट फार टोकाची आहे,’’ उतरता उतरता म्हणाला. मग पोराला, ‘‘रजा किती शिल्लक?’’

भावानं मोबाइल काढला. ‘‘बावीस.’’

‘‘ऑक्टोबरात सगळ्या घे. छाटणीपासून लाग. रात्री दोनला पाऊस आला की तिथूनच फवारणीला उठायचं, डाऊनी वाट बघत नाही. माल उतरेपर्यंत चार महिने असंच असतं, तू बावीस दिवस काढ. तोवर राजीनाम्याचं नाव नको.’’

नाशिक रोड स्टेशनपर्यंत मी एकटीच आले, माझी सायकल घेऊन. भाऊ रिकाम्या हातानं पुण्याच्या बसला बसला. त्याची सायकल मामाच्या शेडमध्ये, फवारणीच्या पंपाशेजारी लावलीय. पुढच्या चाकात हवा कमी आहे, मामानं ती भरून ठेवणार म्हणून सांगितलंय.