चार इंचांचा हिशेब

ऑगस्ट २०२४ मध्ये भारताने आणखी ७३ हजार सिग-७१६ रायफलींच्या खरेदीचा करार केला. २०१९ मध्ये मागविलेल्या ७२,४०० रायफलींनंतरची ही दुसरी खेप. चर्चा झाली ती प्रामुख्याने किमतीची आणि आत्मनिर्भरतेची. या रायफलीची नळी १६ इंचांची आहे, हा तपशील मात्र मागेच राहिला. वास्तविक निमस्वयंचलित रायफलीकडून लांबच्या आणि अचूक नेमबाजीची अपेक्षा असेल, तर पहिला वाद नळीच्या लांबीवरच होतो.

अमेरिकी लष्कराने २००५ मध्ये एम-११० ही निमस्वयंचलित स्नायपर रायफल निवडली. २००७ मध्ये ती अफगाणिस्तानात पोहोचली. तिची नळी २० इंचांची होती. पुढे सप्रेसर चढविला, की एकूण लांबी पावणेचार फुटांपलीकडे जाई. चिलखती गाडीतून उतरताना किंवा घराच्या अरुंद जिन्यात हे लांबलचक शस्त्र सांभाळणे म्हणजे दिव्यच. शिवाय असे शस्त्र खांद्यावर दिसले, की तुकडीतील स्नायपर कोण हे शत्रूला दुरूनच कळते. अखेर २०१६ मध्ये हेकलर अँड कॉख या जर्मन कंपनीला अधिक आटोपशीर रायफलीचे कंत्राट मिळाले आणि नळी १६ इंचांवर आली.

नळी आखूड म्हणजे नेम कच्चा, हा समज चुकीचा आहे. त्याच जाडीची आखूड नळी अधिक ताठ असते आणि गोळी सुटताना कमी थरथरते. कमी होतो तो वेग. ७.६२ मिलिमीटरच्या नाटो काडतुसात प्रत्येक इंचामागे साधारण २० ते ३० फूट प्रतिसेकंद एवढा वेग घटतो. म्हणजे चार इंचांना सुमारे शंभर फूट. गोळीचा वेग ध्वनीच्या वेगाखाली जाताना ती डळमळू लागते, आणि हा टप्पा आखूड नळीत पन्नास-साठ मीटर अलीकडे येतो. सहाशे मीटरवरच्या लक्ष्यासाठी हा तोटा किरकोळ. हजार मीटरवर मात्र तो जाणवतो.

निमस्वयंचलित रचनेत आणखी एक अडचण आहे. नळीच्या छिद्रातून घेतलेल्या वायूवर पुढचे काडतूस भरले जाते. छिद्रापासून नळीच्या तोंडापर्यंतचे अंतर घटले, की वायूला काम करण्यास मिळणारा वेळ घटतो. छिद्र मोठे केले तर धक्का आणि झीज वाढते. सप्रेसरमुळे दाब आणखी चढतो. म्हणून नळी नुसती कापून भागत नाही, सारी वायुयंत्रणाच नव्याने जुळवावी लागते. अमेरिकेने २०२२ मध्ये निवडलेल्या ६.८ मिलिमीटरच्या रायफलीत सुमारे १३ इंचांच्या नळीची उणीव काडतुसाचा दाब प्रचंड वाढवून भरून काढली आहे. त्याची किंमत नळीच्या आयुष्यातून मोजावी लागणार, हे उघड आहे.

भारतीय लष्कराची जुनी द्रागुनोव ६२० मिलिमीटरच्या, म्हणजे २४ इंचांहून अधिक लांब नळीची. सोव्हिएत लष्कराने ती १९६३ मध्ये स्वीकारली. भारताच्या दृष्टीने हिशेब वेगळा पडतो तो उंचीमुळे. चार हजार मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास असते. विरळ हवेत गोळी वेग अधिक काळ टिकवते. लडाखमध्ये आखूड नळीचा तोटा त्यामुळे राजस्थानइतका बोचत नाही. अर्थात कडाक्याच्या थंडीत दारू मंद जळते आणि या लाभाचा काही भाग परत घेते.

हजार मीटरच्या पुढच्या कामासाठी लष्कराने २०१९ मध्ये बेरेटा आणि बॅरेट या कंपन्यांच्या बोल्टच्या रायफली नियंत्रण रेषेवर आणल्या, हे योग्यच झाले. सिग-७१६ वर चांगली दुर्बीण बसवून तिला स्नायपर ठरविण्याचा मोह मात्र टाळायला हवा. तिची खरी जागा पाच-सहाशे मीटरपर्यंतच्या नेमक्या माऱ्याची आहे. तिथेही पायदळाचे साधे काडतूस चालणार नाही. १६ इंचांच्या नळीला मानवणारे, एकसारख्या वजनाचे आणि दारूचे काडतूस देशातच बनवावे लागेल. रायफलींचा करार झाला आहे. या काडतुसाचे गणितही त्याच्याच जोडीने सुटायला हवे.