सेवेचं पाठांतर बंद करा



या वेळचं संपादकीय गोदीतून रजा काढून संग्रामपुरात बसून लिहितोय. धाकटी बहीण बी.ए. झाली, एम.एस.डब्ल्यू.ला अर्ज टाकला, आता मुलाखत आलीय. मी मॅट्रिक. पण घरात परीक्षक व्हायला दुसरं कोण आहे? मीच झालो.

पहिलाच सवाल टाकला, तुम्हाला समाजकार्य का करायचं आहे? पोरीने गाईडातलं उत्तर घडाघडा म्हटलं. निःस्वार्थ सेवा, दीनदुबळ्यांचे अश्रू, वगैरे वगैरे. मी म्हटलं, थांब. दीनदुबळे म्हणजे कोण? ती गप्प झाली. मग हसली. म्हणाली, "आपनच ना रे दादा."

म्हणजे पहा, पिढ्यान्पिढ्या ज्यांच्यावर लोकांनी सेवा केली त्यांचीच पोरं आता ही विद्या शिकायला निघालीत, आणि पाठांतर मात्र सेवा करणाऱ्यांचं!

या देशातली समाजकार्याची पहिली शाळा मुंबईत नागपाड्याला १९३६ साली निघाली, सर दोराबजी टाटांच्या नावाची. तिचा पहिला संचालक क्लिफर्ड मॅन्शार्ट, अमेरिकन मिशनरी. आजची देवनारची टाटा सामाजिक विज्ञान संस्था ती हीच. त्याच १९३६ साली बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. तिकडे सेवेचं शिक्षण, इकडे हक्काची लढाई, एकाच शहरात. मी त्या शाळेला शिव्या घालत नाही. आपली पोरं तिथे शिकली. फेब्रुवारी २०१८ मध्ये मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीवाल्या दलित-आदिवासी पोरांवर वसतिगृहाचा आणि जेवणाचा खर्च पडायला लागला, तेव्हा तिथल्याच विद्यार्थ्यांनी संप केला. माझ्या लेखी खरं समाजकार्य ते. त्याचे मार्क कुठल्या पेपरात धरले नसतील, ती गोष्ट वेगळी.

मग गाईड फेकलं कोपऱ्यात. म्हटलं, तालुक्याचं सांग. आणि पोरगी सुटली.

पूर्णेचं खोरं, बुलढाणा-अकोला-अमरावतीतला खारपाण पट्टा. विहीर खणा, खारं. बोअर मारा, खारं. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, या तालुक्यांत किडनीने माणसं जातात. आमचा काकाही त्यातच गेला. वान धरणाचं गोडं पाणी नळाने आलं, पण नळ कोरडा पडला की पुन्हा हापशी; ज्याच्या खिशात पैसा त्याच्या घरी कॅन. महाडला १९२७ साली पाण्याला हात लावायचा हक्क घेतला. इथे हात लावला, प्यालो, आणि पाण्यानेच खाल्लं. जानेवारी २०२५ मध्ये शेजारच्या शेगाव तालुक्यात बोंडगाव-कालवडकडे माणसांचे केस मुठीमुठीने गळाले. कॅमेरे आले, डॉक्टर आले, केसांचे, रक्ताचे, पाण्याचे नमुने नेले. आधी पाण्यावर संशय, मग सेलेनियमचं नाव, मग रेशनच्या गव्हाकडे बोट. गावातल्या पोरांपोरींच्या सोयरिकी अडल्या. बहीण म्हणाली, "रेशनचा गहू कोनाच्या ताटात येते, हे इचारा म्हना ना त्याइले."

मी खूश. म्हटलं, आता हेच शुद्ध भाषेत सांग. सांगितलं: "आमच्या परिसरात पाण्याची समस्या गंभीर आहे." मेलं सगळं. चूक माझी होती. शुद्ध कशाला म्हणालो मी?

आता दुसरी भानगड. मुलाखत मोबाईलवर. रेंज येते एकाच भिंतीपाशी, आणि त्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. आई म्हणते, "घंटाभर फोटो काहाडून ठेवा, बाप्पा. नंबर लागू द्या, मंग लावा." तिचं भय हवेतलं नाही. आमच्या ओळखीतल्या एका पोराला एका कॉलेजात पहिला सवाल आडनावाचा झाला होता, आणि दुसरा झालाच नाही. तरी मी भडकलो. मोठं भाषण ठोकलं. बहिणीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दादा, तुही कविता तुह्यापाशी ठेव. मले नंबर लागला पाह्यजे."

खरं आहे तिचं. नंबर मला लावायचा नाही. हा कागद हातात नसेल तर दवाखान्यातल्या समाजसेवकाच्या खुर्चीवर दुसराच कोणी बसेल आणि आमच्या काकासारख्याला विचारेल, दारू पीत होता का?

भिंतीचा निकाल तिच्यावर सोडलाय. बुधवारी अकराला मुलाखत आहे; मी तोवर पाळीवर परत गेलेलो असेन.

या महिन्यात ज्यांच्या मुलाखती आहेत त्यांनी एक करा. गाईड घेण्याऐवजी आपल्या तालुक्यातला पाण्याचा, रेशनचा, दवाखान्याचा हिशेब वहीत मांडून न्या. आणि आत काय काय विचारलं ते जसंच्या तसं लिहून आम्हाला पाठवा. आपल्या बोलीत लिहिलं तरी चालेल. पुढच्या अंकात छापू. नाव नको असेल तर नाव गाळू.

जयभीम.