सौरबंब आणि टायमर

गच्चीवर सौरबंब बसविला म्हणजे विजेचें बिल आपोआप उतरेल, असा पुष्कळांचा समज असतो. बंब बसतो, पण बिल म्हणावें तसें उतरत नाहीं. आणि मग बोल लागतो तो सूर्यनारायणास. अशा वेळीं विजेच्या कळेकडे एकदां पाहावें, असें आम्ही सुचवितों.

ढगाळ दिवसांची सोय म्हणून या बंबाच्या टाकींत बहुधा विजेची कॉइल व थर्मोस्टॅट असतो. सकाळीं घरांतील मंडळींचीं स्नानें होतात. जितकें ऊन पाणी खर्चतें, तितकें गार पाणी टाकींत येतें. कळ चालू राहिली असेल, तर कॉइल तें पाणी लागलीच तापवूं लागते. पाणी गार आहे, एवढें थर्मोस्टॅटास समजतें. तीन-चार घटकांनीं ऊन पडणार आहे, हें समजत नाहीं. दहा वाजतां सूर्य कामास येतो, तों त्याचें काम विजेनें उरकलेलें असतें!

याचा हिशेब सोपा आहे. १०० लिटर पाणी २० अंशांवरून ५५ अंशांवर नेण्यास सुमारें ४ युनिट वीज लागते. घरची विहीर असतां विकतचें पाणी भरण्यासारखाच हा प्रकार नव्हे काय?

दिवसाचें ऊन पाणी रात्रभर राखण्याची युक्ति जुनी आहे. कॅलिफोर्नियांत विल्यम बेली यानें १९०९ सालीं तापविणारा भाग निराळा व उष्णता राखणारी वेष्टित टाकी निराळी, अशी रचना विक्रीस आणली आणि तिला 'दिवस व रात्र' या अर्थाचें नांव दिलें. टाकी उष्णता राखीत असेल, तर विजेची गरज लागलीच, तर ती स्नानापूर्वीं थोडा वेळच.

येथें टायमर उपयोगी पडतो. पाणी किती तापवावें हें थर्मोस्टॅटानें सांगावें. केव्हां तापवावें हें टायमरनें. घरांत पहिलें स्नान साडेपांचास होत असेल, तर साडेचार ते साडेपांच एवढाच वेळ विजेस द्यावा. आदल्या दिवशीं चांगलें ऊन पडलें असेल, तर थर्मोस्टॅट कॉइल चालूच होऊं देणार नाहीं. पाणी ३५ अंशांपर्यंतच तापलें असेल, तर २००० वॅटची कॉइल १०० लिटर पाणी तासाभराच्या आंत ५० अंशांवर नेते. भर पावसाळ्यांत मात्र वेळ वाढवावा. काटकसरीच्या भरांत घरच्या वृद्धांस व आजाऱ्यांस गार पाण्याचें स्नान घडूं नये. उन्हाळ्यांत कळ सरळ बंदच ठेवावी.

दोन गोष्टी मात्र जपाव्या. अशी कॉइल सुमारें ९ अँपिअर प्रवाह घेते. म्हणून टायमर १६ अँपिअरचा घ्यावा व जाणत्या वायरमनकडूनच बसवून घ्यावा. शिवाय वीज गेली असतां ज्याचें घड्याळ बॅटरीवर चालू राहील, असाच निवडावा. नाहींतर पहाटेची वेळ सरकून दुपारीं येते, आणि भर उन्हांत वीज पाणी तापवीत बसते.

तात्पर्य, पाणी तापविण्याचा पहिला मान सूर्याचा. त्यांत उणें पडेल तेवढेंच विजेकडे मागावें.