निकाल शाळेचा की घराचा?

दहावीचा निकाल लागला की निफाड तालुक्यातल्या पिंपळगाव बसवंतमध्ये महामार्गालगत फलक चढतात. शंभर टक्के निकाल, पहिल्या तिघांची छायाचित्रे आणि खाली ‘प्रवेश सुरू’. २०२५ साली राज्याचा निकाल ९४.१० टक्के आणि नाशिक विभागाचा ९३.०४ टक्के होता. शंभरातली त्र्याण्णव मुले जिथे पास होतात, तिथे तीस-चाळीस मुलांच्या वर्गाने शंभर टक्के गाठणे ही काही फार मोठी मजल नव्हे. त्यात कच्च्या मुलाला नववीतच दाखला काढायला सुचवायचे किंवा सतरा नंबरचा फॉर्म भरून परीक्षेला बाहेरून बसायला लावायचे, ही वाटही पालकांना अपरिचित नाही. तरीही फलक आपले काम चोख करतो. बघणारा मनाशी ठरवतो : जिल्हा परिषदेची शाळा मागे, खासगी शाळा पुढे.

जिल्हा परिषदेची शाळा या फलकांवर दिसत नाही, कारण ती सहसा दहावीपर्यंत नसतेच. बहुतेक शाळा चौथीला थांबतात, काही सातवी-आठवीपर्यंत जातात. तिथे अक्षरे गिरवलेले मूल पुढे एखाद्या संस्थेच्या अनुदानित विद्यालयात जाते आणि दहावीचे श्रेय त्या विद्यालयाच्या खात्यावर पडते. नाशिक जिल्ह्यात अशा संस्थांत अग्रभागी आहे ती १९१४ साली स्थापन झालेली मराठा विद्या प्रसारक समाज म्हणजे ‘मविप्र’. संस्था खासगी, पण अनुदानित वर्गांवरच्या शिक्षकांचा पगार सरकारचा. मग तिचा निकाल सरकारी धरायचा की खासगी? निफाड तालुक्यातला पालक ‘खासगी’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात असते ती स्वयंअर्थसहाय्यित इंग्रजी शाळा. २०१२ च्या कायद्याने अशा शाळांचा रस्ता मोकळा केला आणि तालुक्याच्या गावोगावी त्यांच्या पिवळ्या बस फिरू लागल्या.

जिल्हा परिषदेच्या शाळेला मिरवायला एकच गोष्ट होती : चौथीची शिष्यवृत्ती. तीही तिच्याकडून गेली. ही परीक्षा चौथी-सातवीवरून पाचवी-आठवीवर नेली आणि २०१७ पासून ती तशी होऊ लागली. चार वर्षे तयारी प्राथमिक शिक्षकाने करून घ्यायची आणि गुणवत्ता यादीत नाव मात्र मूल वर्षापूर्वी ज्या शाळेत आले तिचे लागायचे. परीक्षा पुन्हा चौथी-सातवीला आणण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला. उशिरा का होईना, शहाणपण आले.

मूळ प्रश्न मात्र निकालाचा नाही, वर्गात कोण बसते याचा आहे. इंग्रजी शाळेत येणाऱ्या मुलाच्या घरी फीचे हप्ते भरण्याची ऐपत असते, अभ्यासाला जागा असते, संध्याकाळी शिकवणी असते. जिल्हा परिषदेच्या वर्गात द्राक्षबागेच्या कामासाठी पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या मजुरांची मुले असतात. छाटणीला ती येतात, काम संपले की आई-बापांबरोबर निघून जातात. हजेरीपटावर नाव आहे, मूल नाही. या दोन वर्गांचे गुण शेजारी मांडून शाळांची तुलना करणे म्हणजे, प्रतवारी करून भरलेल्या क्रेटला बाजार समितीत जास्त भाव मिळाला म्हणून ज्या टेम्पोतून माल आला त्या टेम्पोचा सत्कार करणे.

मुले सारखी असली तर काय होते, हे आंध्र प्रदेशात तपासून झाले आहे. कार्तिक मुरलीधरन आणि व्यंकटेश सुंदररामन या अभ्यासकांनी १८० गावांमध्ये सोडत काढून काही मुलांना खासगी शाळेची फी दिली आणि चार वर्षे पाठपुरावा केला. त्यांचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. तेलुगू आणि गणितात सोडत लागलेल्या आणि न लागलेल्या मुलांत फरक आढळला नाही. हिंदीत खासगीतली मुले बरीच पुढे होती, कारण तिथे हिंदी शिकवली जात होती. एक गोष्ट मात्र खासगी शाळांच्या बाजूने नोंदवली पाहिजे : एवढेच शिक्षण त्यांनी सरकारी शाळेच्या एक तृतीयांशाहून कमी खर्चात दिले. या बचतीत मोठा वाटा शिक्षकांच्या तुटपुंज्या पगाराचा होता, हे खरे. पण पूर्ण पगार घेणाऱ्या व्यवस्थेला हा आकडा टोचायलाच हवा.

पालक तरी गुणवत्ता पाहूनच शाळा निवडतात का? ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या पाहण्यांनुसार ग्रामीण महाराष्ट्रात ६ ते १४ वयाच्या मुलांपैकी सरकारी शाळांत २०१८ मध्ये सुमारे ६१ टक्के होती, २०२२ मध्ये ६७ आणि २०२४ मध्ये पुन्हा ६१. या सहा वर्षांत सरकारी शाळा एकदम सुधारल्या आणि लगेच बिघडल्या, असे कोणी म्हणणार नाही. करोनाने खिसे रिकामे केले तेव्हा मुले परत आली. खिशात पैसे आले तशी निघून गेली.

याचा अर्थ जिल्हा परिषदेच्या शाळांना सगळे माफ, असा नाही. पाचवीतल्या मुलाला दुसरीचा धडा वाचता येत नसेल, तर घरच्या गरिबीकडे बोट दाखवून शाळेला सुटता येणार नाही. याच जिल्ह्यात, त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या हिवाळी या आदिवासी पाड्यावरची जिल्हा परिषदेची शाळा वर्षाचे ३६५ दिवस भरते आणि तिथली मुले दोन्ही हातांनी लिहितात. सगळ्यांनी हिवाळी व्हावे, ही अपेक्षा चुकीची आहे. पण शिक्षक वर्गात हवा, रिक्त पद भरलेले हवे आणि सर्वेक्षणे, मतदार याद्या यांतून त्याला शिकवायला वेळ मिळायला हवा, ही अपेक्षा मुळीच जास्त नाही.

खरी तुलना करायची असेल, तर सरकारच्या हाताशी साधन तयार आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के जागांसाठी दरवर्षी सोडत निघते. एकाच थरातली काही मुले खासगीत जातात, काही सरकारीत राहतात. दोघांचेही वाचन आणि गणित पहिलीत तपासा, चौथीत पुन्हा तपासा आणि फरक शाळानिहाय जाहीर करा. पालकांनीही प्रवेश घेताना मुख्याध्यापकांना एकच प्रश्न विचारावा : वर्गातल्या सर्वांत कच्च्या मुलाला वर्षभरात तुम्ही काय शिकवलेत? ज्या शाळेकडे याचे उत्तर आहे ती चांगली. मग ती जिल्हा परिषदेची असो, संस्थेची असो वा पिवळ्या बसवाली.