हिरवळीची खरी किंमत

गृहनिर्माण संस्थांमध्ये हिरवळीच्या निगराणीचे कंत्राट बहुधा सर्वांत कमी दराच्या निविदेस दिले जाते. परंतु दरपत्रकातील आकडा म्हणजे संपूर्ण खर्च नव्हे. कापणी, खुरपणी व खत यांचा त्यात समावेश असतो. पाण्याचा भार मात्र सहसा संस्थेवरच पडतो. एक चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ लिटर. पुण्याकडील उन्हाळ्यात रोज ५ मिलिमीटर पाणी धरले, तरी १०० चौरस मीटर हिरवळीस दिवसाला ५०० लिटर पाणी लागते. १०,००० लिटरचा टँकर २० दिवसांत संपतो.

खत, इंधन व कर यांत कंत्राटदारास फारशी काटकसर साधत नाही. मग दर उतरतो तो प्रामुख्याने माळ्याच्या मजुरीतून. म्हणूनच निविदा स्वीकारण्यापूर्वी माळ्याचे किमान वेतन व साप्ताहिक सुटी करारात नमूद करून घ्यावी आणि पाण्याचा खर्च अंदाजपत्रकात स्वतंत्र दाखवावा. एवढा खर्च पेलत नसेल, तर हिरवळ निम्मी करून उर्वरित जागेत कडुनिंब, बहावा लावणे श्रेयस्कर. मजुरी कापून साधलेली शिल्लक संस्थेच्या ताळेबंदात बचत दिसते. माळ्याच्या घरी मात्र तीच तूट असते.