एष्टु बंतु?

सौ.च्या डाव्या गुडघ्याने क्लचशी असहकार पुकारला, तेव्हा आम्ही एक जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली. तीच गाडी घेऊन ती पंधरवड्याला निपाणीला, माहेरी जाते. परवा आल्या आल्या म्हणाली, "अहो, तवंदी घाटात गिअर पडताना गाडी धक्का देते."

पुस्तिका उघडली. गिअरबॉक्सचे तेल बदलण्याची वेळ केव्हाच टळून गेली होती. इंजिन ऑइल मी घरीच बदलतो, मग हेही जमेल, असे वाटले. रविवारी अंगणात गाडी स्टँडवर चढवली (नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नये), खालचा बोल्ट काढला. नवे तेल लालभडक असते. टबात पडले ते काळपट. मग चार लिटरचा डबा सबंध ओतला आणि मोठ्या ऐटीत उद्यमबागेतल्या ओळखीच्या मिस्त्रींना फोन लावला.

"सर, हळेदु एष्टु बंतु?"

"नोडलिल्ल," मी म्हणालो.

पलीकडे क्षणभर शांतता. मग, "गाडी चालू माडब्याडरी. बंदे."

आयुष्यभर मुलांना 'आधी मोजा, मग लिहा' सांगणारा मी! नशीब, जुने तेल टबातच होते. बाटल्यांनी मोजले, तर तीनच लिटर. वरचा एक लिटर मिस्त्रींनी परत काढला. तेल जास्त झाले की फिरत्या भागांत घुसळून फेसाळते, फेसात दाब टिकत नाही आणि आतल्या क्लचच्या चकत्या घसरून जळू लागतात. कमी पडले तरी तेच. शिवाय खालच्या बोल्टातून सगळे तेल येतच नाही. बरेचसे टॉर्क कन्व्हर्टरमध्ये अडकून राहते. म्हणून जेवढे निघाले तेवढेच घालायचे.

मग सपाट जागेवर इंजिन चालू ठेवून, ब्रेकवर पाय दाबून त्यांनी दांडा एकेका खुणेवर थोडा थोडा वेळ थांबवला. गाडी तापल्यावर, इंजिन चालू असतानाच, पट्टी काढून पातळी पाहिली. ज्या गाड्यांना ही पट्टीच नसते, त्यांच्या वाटेला घरी जाऊ नये. आणि २०१४च्या सेलेरिओपासून आपल्याकडे पसरलेल्या एएमटी गाड्यांत मुळात साधाच गिअरबॉक्स असतो. त्यांना हे लाल तेल चालत नाही. सीव्हीटीचे आणखी वेगळे. पुस्तिकेत लिहिले असेल तेच घ्यावे.

शेजारचे काका म्हणाले, "जुनं तेल गटारीत ओता की." मला पावसाळ्यात फुगून वडगाव-शहापूरच्या भातात शिरणारा बळ्ळारी नाला आठवला. मिस्त्रींनी तेल बंद डब्यात भरून नेले. त्यांच्याकडे ते गोळा करणारा येतो.

काल सौ. निपाणीहून आली. "कसा वाटला घाट?"

"धक्का कमी झालाय. गेला नाही."

पुढच्या महिन्यात आणखी तीन लिटर. टबाशेजारी मोजमापाचे भांडे तिनेच काढून ठेवले आहे.